विषाणू कुठे वाढला?

२०२१ साली जळगाव-धुळ्याच्या लसीकरण केंद्रांवर ज्यांनी रांग लावून कोव्हिशिल्ड टोचून घेतली, त्यांतल्या फार थोड्यांनी तिच्या माहितीपत्रकातला बारीक मजकूर वाचला असेल. अर्ध्या मिलिलिटरच्या एका डोसात पाच हजार कोटी विषाणुकण, असा हिशेब तिथे दिला होता. विषाणू मूळचा चिंपांझीचा ॲडेनोव्हायरस, वाढण्याची ताकद काढून घेतलेला, आणि त्याच्या पोटात कोरोनाच्या काट्याच्या प्रथिनाचे जनुक. त्याला जोडूनच आणखी एक माहिती होती: हे कण एचईके २९३ नावाच्या, जनुकीय बदल केलेल्या मानवी पेशींत तयार केले आहेत. जनुकोपचारात ज्याला व्हायरल व्हेक्टर म्हणतात ती वस्तू खानदेशातल्या लाखो दंडांतून अशी केव्हाच जाऊन आली. तिच्यावर तेव्हा खूप बोलले गेले, व्हॉट्सॲपवर तर नको तितके. पण बोलणे सगळे विषाणूचे. ज्या पेशीत तो वाढला तिची विचारपूस कोणी केली नाही.

ती आता करायला हवी. जनुकोपचार सुरक्षित होणार की नाही, आणि तो साक्री-चोपड्याच्या माणसाच्या आवाक्यात येणार की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी एकाच जागी आहेत, व्हेक्टर बनवणाऱ्या सेल लाइनमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या वाढवल्या जाणाऱ्या पेशींच्या वाणात. औषधाच्या धंद्यात स्वस्ताई आणि सुरक्षितता सहसा एकमेकींच्या मुळावर येतात. एक हवी तर दुसरीवर पाणी सोडावे लागते. इथे मात्र पेशी सुधारली की दोन्ही हाती लागू शकतात. म्हणूनच ती सुधारण्याचे काम कोण करतो आणि झाल्यावर तिच्यावर मालकी कोणाची, हा राजकारणाचाही प्रश्न आहे.

आधी कामाची रीत समजून घेऊ. कोणताही विषाणू स्वतःच्या बळावर वाढत नाही, त्याला पेशी लागते. उपचारासाठी वापरायच्या विषाणूची काही जनुके मुद्दाम काढून टाकलेली असतात, म्हणजे रोग्याच्या शरीरात गेल्यावर त्याची पिल्लावळ होऊ नये. पण मग कारखान्यात तो वाढवायचा कसा? जी जनुके विषाणूतून काढली ती पेशीला द्यायची. अशा पेशीत तो वाढतो, बाहेर पडल्यावर मात्र वांझ राहतो. सगळी सुरक्षितता या वाटणीवर उभी आहे: अर्धे जनुकसाहित्य विषाणूकडे, अर्धे पेशीकडे, आणि दोघांची पुन्हा गाठ पडता कामा नये.

ती पडते. एचईके २९३ पेशींचा जन्म १९७३चा, नेदरलँड्समधल्या लायडेनचा. ॲलेक्स व्हॅन डर एब यांच्या प्रयोगशाळेत फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत ॲडेनोव्हायरसच्या डीएनएचे तुकडे सोडले. २९३ हा त्यांच्या प्रयोगाचा अनुक्रमांक. त्या प्रयोगातल्या पेशी मरेनात, वाढतच राहिल्या. विषाणूच्या डीएनएची सुमारे ४,३०० अक्षरे त्यांच्या १९व्या गुणसूत्रात जाऊन बसली होती, आणि नेमकी तीच जनुके त्यांत होती जी पुढे व्हेक्टरमधून काढली जाणार होती. योगायोगाने जगाला एक कारखाना मिळाला. अडचण एवढीच की पेशीत बसलेला तुकडा गरजेपेक्षा लांब आहे. त्याची टोके व्हेक्टरमध्ये उरलेल्या डीएनएशी जुळतात. जुळलेल्या जागी अदलाबदल होते, आणि कोट्यवधी कणांमागे एखादा असा निघतो ज्याने आपली गेलेली जनुके परत मिळवलेली असतात. तो वांझ नसतो.

यावरचा उपाय पेशीतच सापडला. व्हॅन डर एब यांच्याच प्रयोगशाळेत १९८५ साली मिळवलेल्या गर्भाच्या डोळ्याच्या पडद्याच्या पेशींपासून पुढे नव्वदच्या दशकात पीईआर.सी६ नावाची सेल लाइन घडवण्यात आली. तिच्यात विषाणूचा तुकडा मोजूनमापून बसवला, व्हेक्टरशी एक अक्षरही जुळणार नाही असा. जुळणीच नाही म्हणून तिच्याशी मेळ घालून केलेल्या व्हेक्टरांत अदलाबदलीची ही वाटच बंद झाली. सेल लाइन घडवून व्हेक्टर सुरक्षित करणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. मुख्य बदल व्हेक्टरमध्ये नव्हता. तो ज्या घरात वाढतो ते घर बदलले.

जनुकोपचारातले दोन धक्के सर्वांना माहीत आहेत. १९९९मध्ये पेनसिल्व्हेनियात जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा ॲडेनोव्हायरस व्हेक्टरच्या डोसानंतर दगावला. पुढे पॅरिस आणि लंडनमध्ये प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या मुलांना रेट्रोव्हायरस व्हेक्टरने बरे केले, आणि त्यांतल्या पाच जणांना रक्ताचा कर्करोग झाला, कारण व्हेक्टर चुकीच्या जनुकाशेजारी जाऊन बसला होता. हे दोष विषाणूचे आणि डोसाचे. पेशीच्या दोषाची गोष्ट त्याआधीची आहे आणि फारशी कोणी सांगत नाही. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लिहिले की रेट्रोव्हायरस व्हेक्टर वापरून अस्थिमज्जा परत दिलेल्या माकडांपैकी तिघांना लिम्फोमा झाला. व्हेक्टर तयार करणाऱ्या पेशींतच तुकड्यांची जुळणी होऊन वाढू शकणारा विषाणू निर्माण झाला होता, आणि तो औषधाच्या कुपीतून माकडांत गेला. आज लेंटिव्हायरस या रेट्रोव्हायरसच्याच कुळातल्या विषाणूची जनुके तीन-चार वेगवेगळ्या प्लाझ्मिडांवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यांवर, विभागून पेशीत सोडतात, तयार मालाच्या प्रत्येक घाण्यात वाढू शकणारा विषाणू शोधतात. या शिस्तीमागे ती माकडे आहेत.

हे सारे रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. मुनवे लावण्याची पद्धत मागे पडून टिश्यूकल्चरची रोपे आली तेव्हा उत्पन्न वाढले, बाग एकसारखी झाली. सीएमव्ही, म्हणजे बागायतदारांच्या तोंडी हरण्या, आला तेव्हा त्याच एकसारखेपणाची दुसरी बाजू दिसली. रोप कितीही तरतरीत असो, ज्या मातृवृक्षाच्या उतीपासून ते केले त्याची विषाणूचाचणी झाली होती का, हा पहिला प्रश्न. एका उतीपासून हजारो रोपे होतात, तेव्हा तिच्यातली खोटही हजारपट होते. मावा रोग पसरवतो हे खरेच, पण रोपासोबत विकत आणलेला रोग आणि शेजारच्या बांधावरून आलेला रोग यांत कोणाला जाब विचारायचा याचा फरक आहे. सेल लाइनच्या मूळ पेढीला, जिला मास्टर सेल बँक म्हणतात, हाच न्याय लागू.

आणि खोट नेहमी लगेच दिसते असे नाही. आपल्याकडे २०१८पासून मक्यावर धुमाकूळ घालणारी अमेरिकन लष्करी अळी शेतकऱ्याला चांगलीच माहीत आहे. तिच्या कोषाच्या अंडाशयातून सत्तरच्या दशकात अमेरिकेत पेशी काढल्या गेल्या. त्यांच्यापासूनची एसएफ९ ही सेल लाइन आज लसी आणि जनुकोपचाराचे व्हेक्टर बनवायला वापरतात. हिमोफिलियावरचे काही कोट्यवधींचे उपचार या अळीच्या पेशींत बनतात. (शेतकरी जिच्यावर फवारणी करून थकतो तिच्याच पेशींतून एवढे महाग औषध निघावे, याला काय म्हणावे!) तीस वर्षे स्वच्छ समजल्या गेलेल्या या पेशींत २०१४ साली अमेरिकेच्या औषध नियामकाच्याच शास्त्रज्ञांना एक अज्ञात रॅब्डोव्हायरस मुक्काम करून असलेला सापडला. माणसाला त्याचा अपाय दिसला नाही. पण तीस वर्षे कोणाला दिसला नाही, हे विसरून चालणार नाही. त्यानंतर तो विषाणू नसलेली एसएफ९ची नवी वाणे तयार केली गेली.

सर्वांत चलाख काम मला लेंटिव्हायरसच्या बाबतीतले वाटते. लेंटिव्हायरस पेशीतून बाहेर पडताना तिच्या पटलाचा तुकडा अंगावर ओढून घेतो. म्हणजे रोग्याच्या शरीरात जातो तो विषाणू परक्या माणसाच्या पेशीची ओळखपत्रे मिरवत जातो, आणि अवयवरोपणात होतो तसा नकार इथेही होऊ शकतो. मिलानमध्ये लुइजी नाल्दिनी यांच्या गटाने २०१७ साली जनुक संपादनाने विषाणू बनवणाऱ्या पेशींतली ती ओळखपत्रेच काढून टाकली. पेशी बिनओळखीची झाली, तिच्यातून निघालेले कणही. त्याच पेशींवर पुढे ‘मला खाऊ नका’ असे सांगणारे सीडी४७ हे प्रथिन वाढवले, तर यकृतातल्या भक्षक पेशींच्या तावडीतून विषाणू अधिक प्रमाणात सुटू लागले. अशी पेशी डोस कमी करायला मदत करते. डोस हा किती नाजूक मामला आहे ते २०२५मध्ये पुन्हा दिसले: स्नायूंच्या ड्युशेन विकारावरच्या एएव्ही (ॲडेनो-असोसिएटेड व्हायरस) उपचारानंतर दोन किशोरवयीन मुले यकृत निकामी होऊन गेली. एएव्हीच्या कच्च्या मालात अनेकदा निम्म्याहून जास्त कण रिकामे असतात, जनुक नसलेली नुसती टरफले. गाळूनही सगळी जात नाहीत. उपचार त्यांच्यातून शून्य, पण शरीराची प्रतिकारयंत्रणा चेतवायला त्यांचीही भर पडते. भरलेल्या कणांचे प्रमाण वाढवणारी पेशी म्हणजे तेवढाच गुण आणि कमी ओझे.

आता खानदेशाकडे. सातपुड्याच्या पायथ्याचे चोपडा, यावल, रावेर. धुळ्याचे शिरपूर, साक्री. आणि १९९८ पर्यंत धुळ्यातच असलेला नंदुरबार. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचे प्रमाण किती, हे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्य घालवून मोजले. २०१९मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले. त्यांच्या पाहणीत महाराष्ट्रातल्या ज्या जमातींत हे जनुक २० ते ३५ टक्के लोकांत आढळले, त्यांत भिल्ल आणि पावरा दोन्ही आहेत. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत उच्चाटनाचे लक्ष्य ठेवले. तपासणी होते, कार्ड मिळते, लग्न जुळवताना ते जुळवून बघा असा सल्ला मिळतो. कार्ड मिळालेल्या रुग्णाला पुढे काय?

डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेत एकाच दिवशी सिकलसेलवरच्या दोन जनुकोपचारांना मान्यता मिळाली. एकाची किंमत २२ लाख डॉलर, दुसऱ्याची ३१ लाख. दुसरा, लिफजेनिया, लेंटिव्हायरस व्हेक्टरवर चालतो आणि त्याच्या वेष्टनावर रक्ताच्या कर्करोगाचा इशारा आहे. पहिला, कॅसजेव्ही, क्रिस्परवर, म्हणजे जनुक कापणाऱ्या कात्रीवर, चालतो. नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबीने विकसित केलेला भारतीय क्रिस्पर उपचार जाहीर झाला, नाव बिरसा १०१, तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे सुपूर्द. नाव बिरसा मुंडांचे ठेवले म्हणजे औषध मुंडा, भिल्ल, पावरांपर्यंत पोचले असे होत नाही, पण सुरुवात मोलाची आहे.

इथे जाणकार वाचक मला अडवेल. कॅसजेव्हीला विषाणू लागतच नाही, विजेच्या झटक्याने पेशीला छिद्रे पाडून जनुकाची कात्री आत सोडतात. मग विषाणू वाढवणाऱ्या पेशींचे एवढे पुराण कशाला? आक्षेप बरोबर आहे, आणि मेदकणांतून कात्री यकृतापर्यंत नेण्याचे तंत्रही झपाट्याने पुढे जाते आहे. काही आजारांत विषाणू मागे पडेल, पडू द्यावा. पण आजच्या पद्धतीत रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढतात, बुसल्फान हे औषध देऊन त्याची अस्थिमज्जा रिकामी करतात, मग दुरुस्त पेशी परत देतात. आठवडेच्या आठवडे निर्जंतुक खोलीत, वंध्यत्वाचा धोका पत्करून. पाल किंवा बोराडीच्या शेतमजुराला हे औषध फुकट दिले तरी ते पेलणारी व्यवस्था जिल्ह्याच्या ठिकाणी उभी करणे किती कठीण आहे! मज्जा रिकामी न करता, शिरेतून एकदा दिलेल्या औषधाने शरीरातल्या शरीरात दुरुस्ती करणे हाच त्याच्यापर्यंत पोचणारा मार्ग, आणि मज्जेतल्या मूळपेशींपर्यंत जनुक पोचवण्याच्या शर्यतीत विषाणू अजून आहे. शिवाय सिकलसेल सोडूनही बरेच काही आहे. वेल्लोरच्या सीएमसीने हिमोफिलिया ‘ए’च्या पाच रुग्णांवर केलेला लेंटिव्हायरस उपचार डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झाला, पाचांपैकी एकालाही नंतर रक्तस्राव झाला नव्हता.

स्वस्ताईचे गणित मुंबईने आधीच करून दाखवले आहे. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी घडवलेला नेक्सकार१९ हा रक्ताच्या कर्करोगावरचा उपचार. २०२१च्या जूनमध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये देशातला पहिला रुग्ण, ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण. परदेशात तीन-चार कोटींना पडणारे काम इथे त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात होते. मजुरी कमी, हे एक कारण. दुसरे कारण असे की त्यांनी लेंटिव्हायरस व्हेक्टर स्वतः बनवला. अमेरिकेत पन्नास रुग्णांपुरता व्हेक्टर विकत घ्यायला आठ लाख डॉलरपर्यंत खर्च येऊ शकतो, असे २०२४च्या ‘नेचर’मधल्या बातमीत होते. चाळीस-पंचेचाळीस लाख ही रक्कम धुळ्याच्या यंत्रमाग कामगाराला तीन कोटींइतकीच दूरची आहे, हे खरे. पण उतार कुठून सुरू होतो ते कळले.

पुढचा उतार सेल लाइनमध्ये आहे. आज बहुतेक ठिकाणी प्रत्येक घाण्याला तीन-चार प्रकारची शुद्ध प्लाझ्मिडे पेशींत नव्याने सोडावी लागतात. ती महाग असतात, प्रत्येक घाणा थोडा वेगळा उतरतो, आणि प्लाझ्मिडांचे अवशेष मालात राहतात. एएव्हीच्या काही कवचांत उपचाराच्या जनुकाऐवजी प्लाझ्मिडाचा किंवा २९३ पेशीच्या स्वतःच्या डीएनएचा तुकडा भरला जातो. पेशीत ट्यूमरशी संबंधित जनुके असतील तर त्यांचाही. म्हणूनच डोसामागे पेशीच्या डीएनएचे दहा नॅनोग्रॅमहून जास्त अवशेष नकोत, असा दंडक आहे. सगळी जनुके पेशीच्याच गुणसूत्रांत कायमची बसवली, आणि खास रसायन घातल्यावरच ती चालू होतील अशी कळ लावली, तर प्लाझ्मिडांचा खर्चही जातो आणि त्यांची घाणही. कळ लागते कारण विषाणूची काही प्रथिने पेशीलाच मारतात. कोव्हिशिल्डमध्ये अशाच कळीचा एक प्रकार होता: ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी वापरलेल्या २९३ पेशींत काट्याचे जनुक उत्पादनाच्या वेळी दाबून ठेवणारे प्रथिन बसवले होते, म्हणजे ते प्रथिन कारखान्यातच तयार होऊन मालात मिसळू नये. तरीही जर्मनीतल्या उल्मच्या संशोधकांना त्या लसीच्या काही घाण्यांत मानवी पेशींची प्रथिने अपेक्षेहून जास्त सापडली. त्यांचा दुष्परिणामांशी संबंध सिद्ध झालेला नाही. पण शुद्धतेचे काम संपलेले नाही, एवढे त्यातून नक्की होते.

अशी पक्की सेल लाइन घडवायला वर्षे लागतात, आणि प्रत्येक उपचाराच्या जनुकासाठी बरेचसे काम पुन्हा. म्हणून लहान चाचणीसाठी कोणी ती करत नाही, आणि ज्या कंपन्यांनी केल्या त्यांनी त्या परवान्याच्या कुलपात ठेवल्या. कुलूप त्यांचे, त्यांनी पैसा घातला, मला त्यात गैर वाटत नाही. गैर वाटते ते हे की सार्वजनिक पैशातून आपण उपचारांना निधी देतो, पण ज्या पेशीत ते बनणार ती सार्वजनिक मालकीची असावी याचा आग्रह धरत नाही. पुण्यात १९८६पासून राष्ट्रीय पेशीसंग्रह आहे, आजचे एनसीसीएस. देशभरच्या प्रयोगशाळा तिथून पेशी नेतात. संशोधनाच्या पेशी आणि औषधाच्या दर्जाच्या, प्रत्येक पिढीची कागदपत्रे असलेल्या पेशी यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारची, व्हेक्टर बनवणारी सेल लाइन देशाच्या पैशातून घडवून कोणत्याही भारतीय उत्पादकाला माफक अटींवर द्यावी. अट एकच असावी: सुधारणा केली तर तिची माहिती पेढीत जमा करायची.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप तंत्राचा नाही. सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया वेळेवर मिळत नाही, वेदनेचा झटका आला की त्याला रक्त आणि खाटेसाठी तालुक्याहून धुळ्याच्या नाहीतर जळगावच्या शासकीय महाविद्यालयात धाडतात, आणि तुम्ही सेल लाइनच्या गोष्टी करता? उद्याच्या अर्थसंकल्पात मला दहा रुपये वाटायला दिले तर नऊ मी त्या गोळ्यांना, नवजात बाळांच्या तपासणीला आणि न्यूमोकोकसच्या लसीला देईन. दहावा रुपया मात्र पेशीला, कारण तिला दहा वर्षे लागतात आणि गोळीसारखी ती ऐनवेळी मागवता येत नाही. दहा वर्षांनी शिरेतून देण्याचा उपचार आला आणि पेशी परक्याची असली, तर किंमत ठरवताना आपण टेबलाच्या त्या बाजूला नसू.

टेबलाच्या एका बाजूला रुग्णही हवा. २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत आदिवासी मुलींवर झालेल्या एचपीव्ही लसीच्या प्रकल्पाने संमतीची कशी थट्टा केली, ते संसदीय समितीच्या २०१३च्या अहवालात नमूद आहे. सिकलसेलच्या जनुकोपचाराच्या चाचण्या होतील तेव्हा रुग्ण याच समाजांतून येतील. स्वस्त करण्याच्या नादात चाचण्या कमी केलेला व्हेक्टर त्यांच्यावर आधी वापरला जाण्याचा धोका खरा आहे. तो टाळायचा तर संमतिपत्र भिली, पावरी आणि अहिराणीत हवे. आणि त्यात उपचाराचे नाव, धोके यांच्याबरोबर व्हेक्टर कोणत्या पेशीत वाढवला, ती कोणत्या पेढीतून आली, तिच्यात काय बदल केले आणि वाढू शकणाऱ्या विषाणूची चाचणी कोणी केली, हेही लिहिलेले हवे. जनुकोपचाराची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१९पासून आहेत. त्यांत ही चार वाक्ये सक्तीची करायला नवा कायदा लागणार नाही.